अकराव्या पानावरचा कंपाउंडर

रजनीकाकू हरदास माणसाची पारख ताटावरून करतात. पानात टाकणारा माणूस त्यांच्या लेखी सरळ नसतो. ‘भूक नाही’ म्हणणाऱ्याच्या मनात काहीतरी शिजत असतं, आणि चहा अर्धा सोडून उठणाऱ्याने तर काहीतरी करून टाकलेलंच असतं. त्यांची ही पारख आजवर एकदाही खरी ठरलेली नाही. पण त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नाही. चुकल्या की त्या पोट धरून हसतात आणि पुढच्या माणसाच्या ताटाकडे बघायला लागतात.

या पारखीत माझा नवराही एकदा सापडला होता. शैलेंद्र मला बघायला आला तेव्हा आम्ही तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि हरदास आमचे सख्खे शेजारी होते. शैलेंद्रने पोह्यांची बशी अर्धी ठेवली, जलेबीला हातही लावला नाही. काकूंनी आईला आत ओढलं आणि बजावलं, की हे स्थळ नको, याचं काही खरं नाही. खरं एवढंच होतं की त्याला ताप होता आणि परक्या घरी ते सांगायची त्याला लाज वाटत होती. आता तो माणूस ऑफिसातून आल्यावर स्वतःचा डबा घासून ठेवतो आणि माझ्याशी भांडायचं म्हटलं तर आधी माझी परवानगी काढतो. काकू त्याला पाहिलं की अजून म्हणतात, ‘मी काय चुकले होते गं त्या दिवशी!’ आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा असतो.

काकू मूळच्या नागपूरच्या. नागपुरातली सरकारी कार्यालयं भोपाळला हलली तेव्हा त्यांचे सासरे फायलींच्या पेट्यांसोबत इकडे आले, आणि मागाहून लग्न होऊन काकू आल्या. मधुकरकाका राज्य सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून लागले आणि तिथेच अधीक्षक होऊन निवृत्त झाले. बोलायला फार कमी, हसायला त्याहून कमी, असा माणूस. निवृत्तीनंतर दोघांनी शाहपुऱ्यात फ्लॅट घेतला. त्याच्या बाल्कनीतून मान पुरेशी वाकडी केली तर तलाव दिसतो. काकूंनी तिथल्या कुंड्यांतही नागपूरची सवय म्हणून भरपूर सांबार लावला आहे. नागपूरकरांचा सांबार म्हणजे कोथिंबीर, हे भोपाळच्या भाजीवाल्याला त्यांनी इतक्यांदा समजावलंय की आता तोच इतर गिऱ्हाइकांना समजावतो. चार वर्षांपूर्वी काका गेले. मुलगा पुण्याला असतो, तिकडे बोलावतो, पण काकू जात नाहीत.

आता माझ्याबद्दल. माझ्या नाकावर राग असतो, आणि तो तिथे का असतो हे आमच्या मराठी मंडळाची लायब्ररी सांभाळून पाहिल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. दर रविवारी सकाळी मी ती उघडते. दोन लोखंडी कपाटं, एक डुगडुगतं टेबल, आणि भोपाळमधली मराठी घरं, ज्यांना पुस्तक न्यायची हौस आहे आणि परत आणायची नाही. सगळ्यात जास्त मागणी रहस्यकथांना, आणि सगळ्यात जास्त मनस्तापही त्यांच्याचपायी. कारण कुणीतरी नतद्रष्ट माणूस गेली कित्येक वर्षं त्या पुस्तकांत अकराव्या पानावर पेन्सिलीने एका पात्राच्या नावाभोवती गोल काढून शेजारी लिहीत आला होता: ‘हाच.’ बाई असेल तर ‘हीच.’

विचार करा. तुम्ही जेवणं आटोपून, पाय पसरून, पुस्तक उघडून बसला आहात. खून नुकताच झाला आहे. इन्स्पेक्टर अजून जिन्यातच आहे. आणि अकराव्या पानावर तुम्हाला खुनी कोण ते कळतं. लोक तणतणत पुस्तकं परत आणायचे. मीही त्या कपाटातल्या निम्म्या कादंबऱ्या अकराव्या पानाला मिटून ठेवल्या आहेत. शेवटी मी एक जाड अक्षरातली सूचना लिहिली, ‘पुस्तकात खुणा करणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल’, आणि ती कपाटाच्या दाराला चिकटवली. त्या दिवशी रजनीकाकू आल्या होत्या. मी त्या अज्ञात माणसाचा उद्धार करत होते आणि काकू कागदाचं दुसरं टोक धरून म्हणत होत्या, ‘हो ना गं, काय लोक असतात.’

सूचना लागली आणि त्यानंतर नव्या पुस्तकांत खुणा दिसेनाशा झाल्या. मी स्वतःवर फार खूश होते.

यंदा माझी लेक श्रुती अकरावीत गेली. तिच्या शाळेत इंग्रजीला एक मोठा निबंध असतो. या वर्षी विषय होता गुन्हेकथा. दोन कादंबऱ्या निवडायच्या, त्यांची तुलना करायची, आणि लिहायला बसण्याआधी ही निवड सरांकडून तोंडी मंजूर करून घ्यायची. निवड मंजूर नाही तर निबंध नाही, आणि निबंध नाही तर त्या विषयात पास होण्याची आशा सोडायची.

श्रुतीने पहिल्यांदा मोबाईलवरची एक मालिका निवडली. सरांनी सांगितलं, पुस्तक पाहिजे. दुसऱ्यांदा तिने दोन गाजलेली इंग्रजी पुस्तकं निवडली. तीच दोन वर्गातल्या अर्ध्या मुलांनी निवडली होती, आणि सगळ्यांनी इंटरनेटवरून उचललेला सारांश कानामात्रा न बदलता म्हणून दाखवला होता. सरांनी सगळ्यांना परत पाठवलं आणि नवा नियम काढला: एक पुस्तक इंग्रजी, दुसरं आपापल्या घरच्या भाषेतलं, ज्याचा सारांश कुठेही मिळत नाही असं. शिवाय मंजुरीच्या दिवशी ती भाषा जाणणारं कुणीतरी मोठं माणूस सोबत आणायचं. आईवडील चालणार नाहीत. ही तिसरी आणि शेवटची संधी.

‘मम्मा, मेरी तो वाट लग गई,’ श्रुती घरी येऊन सोफ्यावर आडवी पडली. ‘मराठीत मी स्पीडने वाचू पण नाही शकत.’

मी तिला मंडळात नेलं आणि रहस्यकथांच्या कपाटापुढे उभं केलं. माझ्या लेकीने सगळ्यात पातळ पुस्तक उचललं. ‘दवाखान्यात कुणी नाही’ असं त्याचं नाव. मुखपृष्ठ फाटून लेखकाचं नाव गेलेलं. एका लहान गावात डॉक्टरचा त्याच्याच दवाखान्यात खून होतो, तिथून गोष्ट सुरू होते. पुढची मलाही माहीत नव्हती, कारण अकराव्या पानावर दिगंबर कंपाउंडरच्या नावाभोवती गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘हाच.’ डॉक्टरचं प्रेत सापडल्यावर दिगंबर टेबलावर आपला चहा तसाच ठेवून उठतो आणि त्या चहावर साय धरते, असं त्या पानावर आहे.

श्रुतीने मला विचारलं, खून कंपाउंडरनेच केला ना? मी म्हटलं, हो. मी असं छातीठोक कसं म्हटलं? कारण आमच्या मंडळात हे पुस्तक ज्याने ज्याने नेलं त्या प्रत्येकाला ते माहीत होतं. कंपाउंडरने खून केला, यावर भोपाळच्या मराठी समाजात गेली चार वर्षं एकमत होतं.

मग काय, पोरगी सुटलीच. इंग्रजी पुस्तक तिने खरोखर वाचलं होतं. थंड गावातल्या एका बेकरीत खून होतो, आणि शेवटी कळतं की स्वतःचा पाव कधीच न खाणारा बेकरीवालाच खुनी आहे. इकडे चहा सोडणारा कंपाउंडर. श्रुतीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला: दोन देश, दोन भाषा, पण दोन्हीकडे जो खात-पीत नाही तो गुन्हेगार. तिने त्याच्यावर छान मुद्दे काढले, आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिले. मराठी पुस्तक पन्नासाव्या पानाच्या पुढे गेलंच नाही. मी दोनदा टोकलं, तर म्हणाली, ‘खुनी तो पता है ना, आता बाकीचं काय वाचायचं?’

सोबत नेण्यासाठी मी रजनीकाकूंना विचारलं. त्यांना वेळ होता, मराठी तर होतंच, आणि कुठेही बोलावलं तर त्या डबा घेऊन येतात. कुठलं पुस्तक, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघी निखिल सरांच्या खोलीत बसलो. सर तरुण, किडकिडीत, आणि दुपारपर्यंत मुलांना परत पाठवून पाठवून थकलेले. काकूंनी नमस्कार केला आणि खुर्चीत टेकायच्या आधी डबा उघडला. सांबारवड्या होत्या. सरांनी एक घेतली, मग दुसरी, मग तिसरी, आणि बोटं चाटली. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘माणूस सज्जन आहे.’ त्यांचा इतिहास माहीत असल्यामुळे मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

श्रुती उभी राहिली आणि हिंदी-इंग्रजीत धडाधड बोलायला लागली. बेकरी झाली, पाव झाला, मग ती दवाखान्यात शिरली. डॉक्टरचा खून, टेबलावरचा चहा, त्यावरची साय. ‘सर, चाय छोड़ने वाला कंपाउंडर दिगंबर ही खूनी है,’ ती म्हणाली, ‘और राइटर ने यह इशारा ग्यारहवें पन्ने पर ही दे दिया है.’ सरांचा चेहरा खुलला. दिवसभरात त्यांना पहिल्यांदाच काहीतरी नवं ऐकायला मिळालं असावं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कागद ओढला, आणि निव्वळ रीत म्हणून काकूंना विचारलं की मुलगी बरोबर सांगते आहे ना.

काकू डब्याचं झाकण लावत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी एकदा श्रुतीकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या पुस्तकाकडे, आणि मग बराच वेळ माझ्याकडे. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. सरांची सही झाली असती, श्रुती सुटली असती, आणि जगात कुणाला काहीही कळलं नसतं.

‘कंपाउंडरने नहीं मारा,’ काकू म्हणाल्या.

श्रुतीचा चेहरा पांढराफटक पडला. सरांनी विचारलं, आपण पुस्तक वाचलंय का? काकू म्हणाल्या, अकरा पानं. मग कशावरून म्हणता?

‘वो पेन्सिल से मैंने लिखा है ना, सर,’ काकू शांतपणे म्हणाल्या. ‘मेरा आज तक एक भी सही नहीं निकला. मैंने दिगंबर लिखा, मतलब दिगंबर तो पक्का नहीं है.’

मी उठून उभी राहिले. शाळा आहे, समोर सर आहेत, लेकीची निवड टांगणीला लागली आहे, सगळं विसरले. इतकी वर्षं मी ज्याच्या नावाने बोटं मोडत होते तो माणूस माझ्या शेजारी सांबारवड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. मी काकूंना विचारलं, ती सूचना चिकटवताना कागदाचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?

‘मीच,’ काकू म्हणाल्या. ‘सरळ लागली होती ना पण?’

सर हसायला लागले. आधी आवरायचा प्रयत्न केला, मग तो सोडून दिला, आणि डोळे पुसून त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: मग खून कुणी केला? खोलीत चार माणसं होती, आणि चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मग त्यांनी श्रुतीकडे पाहिलं, आणि आता ते हसत नव्हते. तू पुस्तक वाचलंच नाहीस, असं ते म्हणाले. श्रुतीने मान खाली घालून कबूल केलं. त्यांनी कागद परत ठेवला, पण फाडला नाही. सोमवारी पहिल्या तासाला ये, म्हणाले, पूर्ण वाचून आणि सांगण्यासारखं काही घेऊन. नाहीतर माझ्याच्याने काही होणार नाही.

बाहेर पडल्यावर मी काकूंशी बोलत नव्हते. पाच मिनिटं मी ते निभावलं. मग काकूच म्हणाल्या, ‘रागावू नको बाप्पा. पोट्टी माझ्यामुळे भलत्याच माणसाला फाशी देऊन राहिली होती. मी कशी गप्प बसू?’

आणि शाळेच्या फाटकाशी, रिक्षाची वाट बघताना, त्यांनी सगळं सांगितलं. लग्न होऊन भोपाळला आल्यावर त्यांना इथे करमत नव्हतं. काकांना बोलायला सुचत नसे. मग काकांनी एक खेळ काढला. मंडळातून रहस्यकथा आणायची, काकूंनी अकरा पानं वाचून खुनी कोण ते लिहायचं, मग दोघांनी आपापल्या सवडीने पुस्तक संपवायचं, आणि शेवटी काका निकाल देणार. जो हरेल त्याने संध्याकाळचा चहा करायचा. खोडायचं नाही, हा काकांचा नियम होता, कारण सरकारी कामात एकदा लिहिलेलं खोडत नाहीत. काकू सगळ्या संसारात एकदाही जिंकल्या नाहीत. संध्याकाळचा चहा काकांनी कधी केलाच नाही.

‘आणि हे दवाखान्याचं?’ श्रुतीने विचारलं.

‘ते मी अकरा पानं वाचून त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. मग दवाखाना झाला त्यांचाच.’ काकू रस्त्याकडे बघत राहिल्या. ‘तिथून ते आले नाहीत. मी पुस्तक तसंच परत केलं.’

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी काकूंचा डबा माझ्या हातात घेतला. त्या डब्याला काही वजन नव्हतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

काकूंना त्यांच्या घरी सोडल्यावर मी रिक्षा मंडळाकडे वळवायला सांगितली आणि कपाट उघडलं. अकराव्या पानावर खूण असलेलं एक पुस्तक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं शेवटचं पान उघडलं. तिथे निळ्या शाईत, कारकुनी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हरलात. चहा तुमच्याकडे.’ दुसरं काढलं. तेच. तिसऱ्यात ‘पुन्हा हरलात. चहात आलं घालणे.’ मी आणि श्रुती जमिनीवर बसून पुस्तकं काढत राहिलो आणि हसत राहिलो. आम्ही सगळे अकराव्या पानावरून माघारी फिरणारी माणसं, त्यामुळे हा अर्धा संवाद कुणी पाहिलाच नव्हता. कुणी पाहिला असला तरी मला सांगितला नसणार. माझ्या रागापायी मंडळात मला कुणी काही सांगत नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी पुस्तक घेऊन शाहपुऱ्याला गेलो. ठरलं असं, की मी मोठ्याने वाचायचं आणि श्रुतीने ऐकायचं. काकूंनी आधीच सांगून टाकलं, त्यांना ऐकायचं नाही, कामं पडली आहेत. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि गरज नसताना भांडी आपटायला लागल्या. मी आवाज वाढवला. तिसाव्या पानाला भांडी थांबली. चाळिसाव्याला काकू कणकेच्या हातांनी दारात उभ्या होत्या. पन्नासाव्याला त्यांनी मला थांबवून विचारलं, त्या हेडमास्तरला उपास कशाचा, एकादशी तर होऊन गेली?

मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. काकूंना हेडमास्तर खुनी वाटला, मग नर्स, कारण तिने शिरा नाकारला. श्रुतीला पोस्टमनचा संशय आला. दुपारी शैलेंद्र आम्हाला न्यायला आला, त्याला काकूंनी बेसनाच्या लाडवांचं ताट देऊन बसवलं, आणि दहा मिनिटांत तोही इन्स्पेक्टरला सामील झाला. मी वाचता वाचता पुढच्या ओळीवर नजर टाकली की सगळे मला ओरडत होते. एका माणसावर मात्र आमच्यापैकी कुणाचाही संशय नव्हता. डॉक्टरची आत्याबाई. बिचारी पहिल्या पानापासून गावाला खाऊ घालत होती. पोलिसांना पोहे, पाहुण्यांना पिठलं. काकू दर दहा पानांनी म्हणत होत्या, या बाईला तेवढी सोडा, मनाने फार चांगली आहे.

शेवटून दुसऱ्या पानावर इन्स्पेक्टर लाडवाचा डबा टेबलावर ठेवतो. खून आत्याबाईने केलेला असतो. बेसनाच्या लाडवातून.

शैलेंद्रच्या तोंडात अर्धा लाडू होता आणि अर्धा हातात. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने काकूंकडे पाहिलं, हातातल्या लाडवाकडे पाहिलं, आणि तो हळूच ताटात ठेवला.

‘टाकलंस ना पुन्हा,’ काकू म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की खुर्चीचा हात धरावा लागला. श्रुती जमिनीवर लोळत होती. मला पुढचं वाचता येईना. शैलेंद्रने निमूटपणे लाडू उचलून संपवला.

हसू ओसरल्यावर काकूंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. शेवटचं पान उघडलं. मजकूर अर्ध्या पानात संपला होता आणि खाली सगळी जागा कोरी होती. त्यांनी पान उलटलं, मागचा पुठ्ठा पाहिला, परत पुढे आल्या. तळहाताने ती कोरी जागा सारखी केली.

‘इथे काहीच नाही गं,’ त्या म्हणाल्या.

ते त्यांना माहीतच होतं. म्हणूनच चार वर्षं त्यांनी हे पुस्तक उघडलं नव्हतं, आणि उघडलं ते श्रुतीसाठी. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. काकू मात्र डोळे पुसून म्हणाल्या, पोळ्या लाटायच्या राहिल्यात. निघताना श्रुतीने पुस्तक आपल्या पिशवीत टाकलं. रविवारभर ती दार लावून लिहीत बसली आणि मधूनच मंडळातल्या पुस्तकांचा गठ्ठा मागत राहिली. काय लिहितेस, विचारलं तर म्हणाली, ‘सस्पेन्स आहे.’

सोमवारी तिने सरांना सांगितलं ते मला नंतर कळलं. ती म्हणाली, पहिला मुद्दा मी फेकून दिला. आता माझा प्रश्न असा आहे की वाचकाला फसवतं कोण, लेखक की तो स्वतः? बेकरीच्या कादंबरीत लेखक संशय जिथे न्यायचा तिथेच नेतो. दवाखान्याची कादंबरी वाचणाऱ्या एक आजी आहेत, ज्या खाऊ घालणाऱ्यावर कधीच संशय घेत नाहीत, आणि लेखकाला अशा आजी पक्क्या माहीत आहेत. पुरावा म्हणून तिने मंडळाची सगळी खुणांची पुस्तकं टेबलावर रचली. प्रत्येक खूण चुकीची, आणि प्रत्येक चूक एकाच कारणाने. सरांनी सही केली. मग त्यांनी विचारलं, त्या सांबारवड्या परत कधी मिळतील?

संध्याकाळी आम्ही दोघी शाहपुऱ्याला गेलो. काकू बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. श्रुतीने मंजुरीचं सांगितलं, त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. मग श्रुतीने पिशवीतून पुस्तक काढून शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. काकूंनी चष्म्याशिवाय, हात लांब करून वाचलं. मीही मागून वाकून पाहिलं. कोऱ्या जागेत, निळ्या शाईत, नवशिक्या मराठी अक्षरात लिहिलं होतं: ‘हरलात आजी. चहा तुमच्याकडे.’

काकूंनी पुस्तक छातीशी धरलं. मग ‘आलीच’ एवढं म्हणून आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला, आलं ठेचल्याचा आला.

ट्रेमध्ये तीन कप होते. श्रुती चहाला तोंड लावत नाही. जन्मात लावलेलं नाही, वासानेही नाक मुरडते. त्या दिवशी तिने कप उचलला आणि काकूंकडे बघत, एकेक घोट घेत, तळापर्यंत संपवला. काकूंनी रिकाम्या कपात वाकून पाहिलं, थेंब राहिलेला नाही याची खात्री केली, आणि माझ्याकडे वळल्या.

‘बघ मंजूषा, सगळा प्याली,’ त्या म्हणाल्या. ‘पोट्टी निर्दोष आहे. हिने काही लिहिलेलं नाही तुझ्या लायब्ररीच्या पुस्तकात.’

मी श्रुतीच्या बोटावरच्या निळ्या शाईकडे पाहिलं.

‘नाही काकू,’ मी म्हटलं, ‘हिने काहीच लिहिलेलं नाही.’